आबाच्या नावाचा कौल

“पाऊस मोजूक कंपनी?” मी विळीवरून उठलेच. कोपरापर्यंत फणसाचा चीक, आणि समोर माझी लेक खुशाल हसत होती. “अगो, आमच्याकडे चार महिने आभाळ फाटल्यासारखो पडता तो. तेका कोण मोजतलो? अंगणात हंडो ठेव. भरलो तर पडलो, नाय भरलो तर नाय पडलो. झाली तुझी कंपनी!”

“हंड्यान नाय मोजत, आये,” विनया म्हणाली. “यंत्र असता तेचा. धरणावर, बंदरावर, विमानतळावर बसवतत. अशी यंत्रां बनवणारे आपल्याकडे थोडेच आसत.”

“थोडेच आसत, कारण बाकीच्यांका अक्कल आसा.”

ती परत हसली. माझ्या लेकीची ही एक खोड. मी ओरडले की ती हसते, आणि ती हसली की माझं डोकं आणखी फिरतं.

मी भागीरथी पालव. दुसरीत शाळा सुटली ती सुटलीच, पण तोंड मात्र कुणाकडे गहाण ठेवलं नाही. विनया रांगत होती तेव्हा तिचा बापूस गेला. तेव्हापासून काजूची बाग मी राखली. बिया मी वेचल्या, मी भाजल्या, डोक्यावरून बाजारात मी नेल्या. बोटांची सालं गेली त्या बियांच्या चिकानं. आणि त्याच बोटांनी या पोरीला डिप्लोमापर्यंत नेलं. आमच्या वाडीत यंत्रांचं शिकलेली ती पहिली मुलगी.

शिक्षण संपताच एकदम दोन नोकऱ्या चालून आल्या. एक पुण्याच्या मोठ्या कंपनीत. नाव कशाला घेऊ? हायवेवरनं जाणाऱ्या दर दुसऱ्या ट्रकवर ते नाव असतं. न्यायला-आणायला कंपनीची बस, अंगावर कंपनीचा गणवेश, जेवायला कॅन्टीन. दुसरी नोकरी कोल्हापुरात. तिथे कुणी गोडबोलेबाई होत्या, त्यांची पत्र्याची शेड होती, आणि त्या शेडीत पाऊस आणि वारा मोजायची नळकांडी बनत होती. कामाला माणसं एका पंगतीत बसतील एवढीच.

आता सांगा, यात निवडायचं काय होतं? मी तर त्याच दिवशी बाजारात सांगून मोकळी झाले. काजू घेणाऱ्या शेट्याला सांगितलं, भांडीवाल्याला सांगितलं, न विचारणाऱ्यालाही थांबवून सांगितलं. पालवणीची लेक मोठ्या कंपनीत चालली! आणि ही म्हणते, कोल्हापूर.

“कित्याक पण?” मी विचारलं. “मोठ्या कंपनीत काय कमी पडता तुका?”

“थय माका काय विचारल्यानी ठावक आसा? रातपाळी चालात? बस. मान वर करून बघल्यानीसुदीक नाय. एका काट्यासमोर बसूचा, तो बरोबर हलता काय बघूचा, आणि पुढे सरकवचा. दिवसभर ताच.”

“बसून पगार! आणखी काय होया?”

“गोडबोलेबायनी माझ्यासमोर एक बंद पडलेला यंत्र ठेवल्यानी आणि आपण चाय करूक आत गेली. चाय येयसर मी ता खोललंय. आत कुंभारमाशीन मातीचा घर बांधलेला. पाणी खाली जायतच नव्हता! माझ्या आधी चार जणांनी ता यंत्र बघितलेला, आये. कोणाक गावला नाय.” तिचे डोळे असे चमकत होते, जसं काही तिला हंडाभर सोनं सापडलं होतं. “बाय म्हणाली, उद्याच ये.”

“माशीचा घर काढूक शिकलंस तू? ता मी केरसुणीन काढतंय!”

एवढ्यात आबा भावजी आले. हे माझे धाकटे दीर. ओहोळाच्या पलीकडे त्यांचं घर, घरी दोन मुलगे. काजू मोजायला बसले की तराजूच्या पारड्याला त्यांचा अंगठा हटकून लागायचा. पण देवाच्या कामात सगळ्यांच्या पुढे. घरचं, भावकीचं कुठलंही काम असो, देवळात उभं राहायचं ते आबांनीच.

“वयनी, भांडतास कित्याक?” अंगणातूनच ते म्हणाले. “मोठी कंपनी ती मोठी कंपनी. आपल्या दळवीसायबाचो थय केवढो मान! शिमग्याक इलो तेवा माका म्हणालो, विनया चेडवाक धाड, मी बघतंय.”

दळवीसाहेब म्हणजे आमच्याच गावचा माणूस. त्या कंपनीत बडा अधिकारी. वर्षातून एकदा गाडी घेऊन यायचा आणि धूळ उडवून जायचा.

“मी तरी काय सांगतंय तिका?” मी म्हटलं. “आयकणा नाय.”

“मग देवाक विचारूया. उद्या सोमवार. कौल लावूया.” आबा विनयाकडे वळून गोड बोलले, “देव कोणाच्या बाजूचो नाय गो, बाय.”

मला ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर मला गावच्या रवळनाथाची खात्री होती. इतक्या वर्षांचा सोमवारचा दिवा होता माझा. तो काय माझ्या लेकीला माश्यांची घरं काढायला धाडणार होता?

मी विनयाला म्हटलं, “उजवो पडलो तर पुण्याक. डावो पडलो तर जा तुझ्या नळकांड्यांत. कबूल?”

ती आता हसत नव्हती. “कायव पडला तरी तू फिरूचं नाय?”

“माझो शब्द कधी फिरलो हा?”

“बरा तर,” ती म्हणाली. “माझोव फिरूचो नाय.”

सकाळी देवळात भावकीचे सात-आठ बाप्ये जमले होते. मी आणि विनया बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून. आमच्याकडे कौल लावायची रीत अशी. गुरव देवाची काळी मूर्ती ओली करतो आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे जे काय विचारायचं ते देवाला मोठ्यानं सांगतो. दर वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्यांनी म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, ते मधेच लोंबकळतं. मग वाट बघायची. उजवी पाकळी आधी सुटली तर देवाचा होकार, डावी सुटली तर नकार.

धाकू गुरवानं पाकळ्या लावल्या, तोंडातलं पान थुंकून आला, आणि खडा आवाज लावला.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्यो आबा पालव तुझ्या पायाकडे इलो आसा, म्हाराजा! तेच्या घरातल्या चेडवाक पुण्याच्या मोठ्या कंपनीत नोकरी गावली आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“थय धाडूचा तेच्या मनात आसा. तुझी मर्जी असात तर उजवो दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आम्ही डोळे लावून बसलो. पाकळी हलेना. उजवीही हलेना, डावीही हलेना. समईची वात एकदा सारून झाली. कुणीतरी खोकलं. आबांनी उपरण्यानं मान पुसली.

धाकू मूर्तीकडे बघत होता, तो वळून आबांकडे बघायला लागला. “आबा, गाऱ्हाणा अर्धा दिसता.”

“अर्धा कसा? सगळा सांगलंय.”

“पोटात काय रवला हा ता सांग. अर्ध्या गाऱ्हाण्याक देव उत्तर देणा नाय. तुका काय नवीन सांगूक होया?”

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या गावात माणूस तलाठ्याशी खोटं बोलेल, कोर्टात शपथ घेऊन खोटं बोलेल, बायकोशी तर रोजच बोलतो. पण रवळनाथापासून कुणी काही लपवत नाही. लपवून मिळवलेला कौल उलटतो, घरादारावर येतो, असं आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. आबा भावजी सगळ्या जगाला फसवतील, पण त्या काळ्या दगडाला नाही. मी बघितलं, त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता.

शेवटी ते उठले आणि धाकूच्या कानाला लागले. बराच वेळ कुजबुजले. त्यांना वाटलं असेल, धाकूही देवाच्या कानात कुजबुजेल. पण धाकूचा बाप गुरव, आजा गुरव. त्यांच्या घराण्यात देवाशी कुणी हळू बोललेलं नाही.

“बा देवा रवळनाथा!” धाकूनं असा आवाज लावला की वरची वटवाघळं हलली. “आबान दळवीसायबाक शब्द दिलो आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“चेडू कंपनीत रुजू झाला की ता दळवीसायबाच्या भाच्याक देवचा, म्हाराजा!”

“व्हय म्हा...” निम्मे आवाज मधेच गळाले.

“आणि दळवीसायबान तेच्या बदल्यात आबाच्या थोरल्या झिलाक त्याच कंपनीत चिकटवचा, म्हाराजा! तर तुझी मर्जी असात तर उजवो दी, म्हाराजा!”

आता कोण बोलणार? दोघेतिघे सवयीनं पुटपुटले, बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. दळव्याचा तो भाचा अख्ख्या गावाला माहीत होता. दिवसभर ओहोळावरच्या साकवावर, त्या लहानशा पुलावर, बसून पान खायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईच्या डोक्यावरच्या टोपलीत काय आहे ते विचारायचं, एवढाच त्याचा उद्योग. त्याला कमावती बायको हवी होती, आणि माझ्या दिरानं ती परस्पर ठरवून टाकली होती. एका हातानं घे, दुसऱ्या हातानं दे, जशी काही बाजारातली काजूची पाटी!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाकळी सुटली.

उजवी.

सगळ्यांनी बघितली. धाकूनं ती उचलून आबांच्या हातावर ठेवली. आबांचा गेलेला रंग परत आला. “देवाची मर्जी,” ते म्हणाले आणि पाकळी कपाळाला लावली. “माझ्या मनात काय पाप नव्हता म्हणानच उजवो दिल्यान.”

विनया माझ्या शेजारी उभी होती. चेहरा पांढराफटक. तिनं आरडाओरडा केला असता, रडली असती, तर मला सोपं गेलं असतं. तिनं माझ्या पदराचं टोक धरलं आणि अगदी हळू म्हणाली, “आये, उजवो पडलो.”

बस. तेवढंच. कबूल केलं होतं म्हणून. शब्द फिरवायचा नाही म्हणून. माझीच लेक ती. आणि तिच्या त्या दोन शब्दांनी माझ्या अंगाची अशी आग झाली की चुलीतलं लाकूड बरं.

मी खांब सोडला आणि बाप्यांच्या मधून सरळ पुढे गेले.

“धाकू, ह्यो कौल कोणाचो?”

“म्हणजे?”

“गाऱ्हाणा कोणाच्या नावान घातलंस?”

“आबाच्या. नेहमीसारख्या.”

“आणि चेडवाचा नाव काय सांगलंस देवाक?”

धाकू घोटाळला. “नाव... नाव नाय घेतलंय. आबाच्या घरातला चेडू म्हटलंय.”

“आबाच्या घरात चेडू खंय आसा? ओहोळाच्या पलीकडे तेचा घर, घरात दोन झील. त्यातलो कोण चेडू?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“वयनी,” आबा म्हणाले, “भावकीत असाच बोलतत. सगळ्यांका ठावक आसा...”

“सगळ्यांका असात. देवाक कोणी सांगला? धाकूच सांगता ना, देवाकडे अर्धा बोलूचा नाय? मग पुरा आयका. तुमच्या नावाचा गाऱ्हाणा, तुमच्या घरातली गजाल, तुमच्या पोटातला पाप. आणि देवान उजवो दिल्यान. कोणाक दिल्यान? तुमका!” मी हात जोडले. “भावजी, उद्याची यष्टी धरा. देवान तुमका मोठ्या कंपनीत धाडल्यान. गणवेश घाला, काट्यासमोर बसा. आणि रुजू झालास की साकवावर जावन दळव्याच्या भाच्याक माळ घाला. आमी अक्षता टाकूक येतंव.”

देवळात असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. धाकूनं तोंडावर उपरणं धरलं होतं. आबा मात्र लालबुंद झाले.

“बायल माणसान देवळात मोठ्यान बोलूचा नाय, वयनी.”

“खरा,” मी म्हटलं. “इतकी वर्षां नाय बोललंय. माझो घो गेलो, तेवा बागेचा गाऱ्हाणा तुमच्या नावान. विहीर मी खणून घेतलंय, पाण्याचा गाऱ्हाणा तुमच्या नावान. माझा चेडू तापान फणफणला, मी हय पायरेर बसलंय, आणि धाकू आत काय सांगी? आबाच्या घरातला लेकरू. मी खांबाक टेकून आयकलंय. माका वाटायचा, देवाक कळता. आज कळला माका. देवाक माझा नावच ठावक नाय! एवढ्या सोमवारचा तेल कोणाच्या नावार जमा झाला ता तरी सांग रे धाकू!”

आता कुणी हसत नव्हतं. धाकूनं मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हे. “वयनी, पाकळी परत लावतंय,” तो म्हणाला. “घरातल्या कोणा बापयाक उभो करा.”

“घरात बापयो नाय.”

“मग लांबचो कोण भाऊबंद...”

“कित्याक? चेडवाक तोंड आसा.”

“बायकांच्या नावान गाऱ्हाणा घालूची वयवाट नाय.”

“तर बायकांचो कौल लावूची वयवाट कशी आसा?”

मी विनयाचा दंड धरला आणि तिला गाभाऱ्याच्या उंबरठ्यापाशी आणून उभी केली. “विचार. तुझ्या नावान विचार. पुणा काय कोल्हापूर, देवच सांगांदे.”

लपवत नाही. तेव्हाही माझी आशा सुटली नव्हती. दळव्याचा भाचा गेला खड्ड्यात, पण कंपनी तर मोठी होती. बस होती, कॅन्टीन होतं. बाजारात मी इतक्या जणांना सांगून बसले होते. मला वाटत होतं, पोरीचं नाव ऐकलं की रवळनाथ मनापासून उजवा देईल, सोयरीक वगळून, आणि बाजारात माझं नाकही राहील.

विनयानं हात जोडले.

“देवा म्हाराजा, मी विनया. भागीरथी पालवाचा चेडू. मी कोल्हापूराक जातंय. पाऊस मोजूची यंत्रां बनवूक शिकतलंय. तुका विचारूक नाय इलंय. सांगूक इलंय.”

सांगायला! मी तिला विचारायला उभी केली, आणि ती सांगून मोकळी झाली. माझा हात शिवशिवला. भर देवळात, भर सोमवारी, मी एवढी भांडून जागा करून दिली आणि पोरीनं माझ्या मोठ्या कंपनीचं नावही काढलं नाही. मोठी कंपनीच बरी होती. हे मी तेव्हा म्हटलं, आजही म्हणते. विनयाच्या डोक्यात आता पांढरे केस दिसतात, तरी तिच्या तोंडावर म्हणते, आणि ती अजून हसते.

पण तेव्हा ती हसत नव्हती. हात जोडून तशीच उभी होती. तिला रीत माहीत होती. ती जमलेल्यांच्या आवाजाची वाट बघत होती.

आवाज येईना.

मी वळून बघितलं. कुणी उपरण्याची गाठ सोडून परत बांधत होता, कुणी छपराचे वासे मोजत होता. धाकू समईशी उगाच खटपट करत होता. आबा भावजी तर पाकळी मुठीत धरून असे बसले होते, जसं काही ती कुणी हिसकावून घेणार होतं. यांच्यातल्या निम्म्यांना मी लग्नाकार्यात वाढलेलं. एकाच्या बायकोचं बाळंतपण केलेलं. आबांची म्हैस अडली तेव्हाही ‘व्हय म्हाराजा’ म्हणून घसे बसले होते त्यांचे. आणि माझ्या लेकीचं गाऱ्हाणं देवाच्या आणि तिच्या मधे लोंबकळत होतं, आणि एकाच्याही तोंडातून दोन शब्द निघत नव्हते.

विनयाचे खांदे हळूहळू खाली आले.

मी डोक्यावरचा पदर नीट केला. तिच्या शेजारी उंबरठ्याशी जाऊन उभी राहिले. आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो सूर लागतो कसा तेही माहीत नव्हतं. छातीत होती नव्हती तेवढी हवा घेतली आणि ओरडले,

“व्हय म्हाराजा!”